धडा केला नाही, साहेब

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे. माझ्या गळ्यात लाखेचं सील आहे आणि पुठ्ठ्याची एक चिठ्ठी: 'मुद्देमाल क्रमांक चार'. म्हणजे गुन्ह्यातली वस्तू. मी गुन्हा केलेला नाही. हे आधीच सांगतो, आणि आवाज खाली न करता सांगतो.

जन्म: लोखंडी दांडी, दोन पितळी पारडी, मधोमध काटा. संपलं. माझ्या जन्मात याहून सांगण्यासारखं काही नाही.

कामाचं ऐका. एकवीस वर्षं मी मावशीच्या किराणा दुकानात टांगलेला होतो. मालकीणबाईंना सगळी गल्ली मावशीच म्हणते. तेल घ्यायला कुणी बरणी आणली, की ती आधी रिकामी बरणी एका पारड्यात ठेवायची. दुसऱ्या पारड्यात वजनं, खडे, हाताला लागेल ते टाकून काटा मधोमध आणायची. याला धडा करणं म्हणतात. भांड्याचं वजन फिटलं, की मग माल. "मी तेल विकते, बरणी नाही विकत," असं तिचं म्हणणं. मुलं शाळेला दांडी मारतात, काही दुकानदार तराजूची दांडी मारतात. माझी एकवीस वर्षांत कुणी मारली नाही.

समोर एक रंगारी राहायचा. लोकांच्या भिंती रंगवायचा, आणि रंगाच्या डब्यातून चरस पोचवायचा. मावशीच्या थोरल्या लेकाला ती सवय याच डब्यातून लागली. तो आता दिवसभर खाटेवर बसून भिंतीकडे बघतो. आईनं हाक मारली तरी मान वळवत नाही.

हे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

एका दुपारी रंगाऱ्याच्या घरावर धाड पडली. पोलिसांनी सगळं आणलं होतं, वजनकाटा तेवढा विसरले होते. हवालदार रस्ता ओलांडून आला.

"मावशी, तराजू द्या. आणि तुम्हीही चला. पंच म्हणून सही लागेल, सगळं तुमच्या डोळ्यांदेखत झालं अशी."

मला दाराच्या चौकटीला टांगलं. फौजदारसाहेबांनी चरस भरलेला डबा उचलला आणि तसाच्या तसा पारड्यात ठेवला. तीन किलो शंभर ग्रॅम.

"साहेब, धडा केला नाही," मावशी म्हणाली.

"धडा? तो आम्ही शिकवतो याला! तुम्ही फक्त सही करा."

हवालदार पोट धरून हसला. "अहो मावशी, पत्र्याचा डबा तो. त्याचं वजन ते काय!"

मावशी रंगाऱ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत काय होतं, ते माझ्या काट्याला कळत नाही. तिनं सही केली. कागदावर लिहिलं होतं: 'चरस, निव्वळ वजन तीन किलो शंभर ग्रॅम.'

आता कायदा मांडतो. मला मांडायला पारडीच आहेत.

डावं पारडं: माल एक किलोपर्यंत. शिक्षा दहा वर्षांपर्यंत. किती, ते न्यायाधीश ठरवणार.

उजवं पारडं: एक किलोच्या वर. दहा वर्षांच्या खाली उतरताच येत नाही, वीसपर्यंत जाते. न्यायाधीशाचं मन द्रवलं तरी कायदा त्यांचा हात धरतो.

मध्ये: एक रंगाचा डबा.

दोन वर्षं मी मुद्देमालाच्या खोलीत पडून होतो. दांडीला गंज चढला. चरस कोर्टाच्या हुकमानं जाळून टाकला. उरलो मी, माझी वजनं, रिकामा डबा आणि तो कागद. मग खटला उभा राहिला.

"ही सही तुमचीच ना?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"माझीच."

"म्हणजे निव्वळ वजन तीन किलो शंभर. बरोबर?"

"चूक. डबा धरून. मी तेव्हाच बोलले होते, धडा केला नाही."

"आरोपीवर बरीच माया दिसते तुमची."

"माया?" मावशीचा आवाज चढला. "यानं माझ्या घराचं काय केलंय ते गल्लीत जाऊन विचारा. त्याला आत टाका, कडी लावायला मी येते. पण त्याच्या मालाची शिक्षा द्या. डब्याची नको."

न्यायाधीश म्हणाले, "तराजू आणा."

आरोपीच्या वकीलबाईंनी डबा तिरपा करून दाखवला. तळाशी चार बोटं निळा रंग, वाळून दगड झालेला. शिपाई डबा माझ्या पारड्यात ठेवणार, तोच मावशीनं त्याचा हात अडवला.

"थांब रे. आधी रिकामी पारडी बघू दे." गंजानं मी एका अंगाला झुकलो होतो. तिनं सरकारी वकिलांपुढे हात केला. "तुमच्या पेनाचं टोपण द्या जरा."

टोपणानं काटा मधोमध आला. मग डबा. दोन किलो तीनशे ग्रॅम.

बाकीची वजाबाकी तुम्हाला येते. आठशे ग्रॅम.

रंगाऱ्याला सहा वर्षांची शिक्षा झाली. पोलीस त्याला नेत होते, तेव्हा तो मावशीपुढे थांबला. "मावशी, तुमचे उपकार..."

"उपकार गेले खड्ड्यात. सहा वर्षं भोग. माझ्या लेकाचं जे गेलं ते या तराजूत मावत नाही, म्हणून घातलं नाही मी त्यात."

मी अजून याच खोलीत आहे. मला परत मिळावं म्हणून मावशीनं दोनदा अर्ज केला. शेजारच्या फळीवर पोलिसांचा नवा, बटणांचा वजनकाटा आलाय. हवालदार त्याला रोज पुसतो. मला कुणी पुसत नाही, आणि मी गयावया करणार नाही. फक्त सांगतो: दांडीला थेंबभर तेल द्या. मी गंजलो, तर कुणाच्या तरी आयुष्याची चार वर्षं इकडची तिकडे होतात. गुन्हेगाराची का असेनात.

आणि मित्रांनो, अशा आत्मवृत्ताच्या शेवटी एक धडा लागतो म्हणे. आमच्या धंद्यात तो आधी करतात.