हर्शेलचं शिफारसपत्र

डार्सी व्हॅनहूसला ऑरगॅनिक केमिस्ट्रीत दोनदा 'सी' ग्रेड मिळाली, तेव्हाच ओहायोतल्या त्या छोट्या कॉलेजानं तिच्या नावानं आंघोळ करून टाकली होती. मेडिकलला अर्ज करायचा तर कॉलेजच्या समितीची शिफारस हवी, आणि असले मार्क झाकायला समितीला हवं असं एखादं पत्र, की वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. डार्सीची सगळी भिस्त आता पुर्डीबाईंवर होती.

पुर्डीबाई म्हणजे हॉस्पिटलातल्या स्वयंसेवकांच्या प्रमुख. चादरींच्या घड्या घालून त्यांच्याकडून पत्र निघायचं नाही, हे ओळखून डार्सीनं आजोबांचा कुत्रा उचलून आणला. हर्शेल. लोंबते कान, आणि चेहरा असा की जन्मापासून सुतकात आहे. पेशंटांचं मन रमवायला तिथं कुत्री नेतात, पण त्याआधी परीक्षा असते. कुत्र्याचीही आणि दोरी धरणाऱ्याचीही. हर्शेल पहिल्या फटक्यात पास झाला. डार्सी दुसऱ्या.

मग दीड वर्ष, दर गुरुवारी. पेशंट हर्शेलला दुखणी सांगायचे, हर्शेल ऐकून घ्यायचा. "मला पुढं डॉक्टर व्हायचंय," असं डार्सीनं सुरू केलं की पेशंट म्हणायचा, "श्श! त्याला झोप लागतेय."

शेवटी पुर्डीबाईंनी पत्र लिहून थेट समितीला पाठवलं. ते गोपनीय होतं. ते बघायचा हक्क डार्सीनं सही करून सोडला होता, सगळेच सोडतात. आज समितीच्या लिंडक्विस्टबाईंनी तिला बोलावलं.

"बस गं. पुर्डीबाईंचं पत्र वाचलं. वीस वर्षांत असं पत्र आलं नाही. मी तर रडले."

डार्सीच्या जिवात जीव आला.

"काय ती माया! मरणाच्या दारातल्या माणसाच्या पायाशी तीन-तीन तास बसायचं, हूं की चूं नाही!"

तीन तास? त्या वेळात आपण कॅन्टीनमध्ये असायचो, हे डार्सीच्या अगदी ओठावर आलं होतं.

"एकच अडचण आहे," बाई म्हणाल्या. "हे सगळं कुत्र्याबद्दल आहे."

"आणि मी?"

"आहेस ना!" बाईंनी चष्मा चढवला. "दुसऱ्या पानावर. 'त्याला एक मुलगी घेऊन येते. वेळेवर येते.'"

"मॅडम, वेळेवर येणं हाही गुणच की..."

"आहेच! त्यावर चर्चा झाली." बाईंनी कागद मिटला. "समिती शिफारस नाही करणार, डार्सी. दोन-दोन 'सी' आहेत गं. हे पत्र तुझं असतं, तर मीच भांडले असते."

गुरुवार होता, म्हणून ती तशीच हर्शेलला घेऊन हॉस्पिटलात गेली. पुर्डीबाईंनी तिचे लाल डोळे बघितले.

"अगंबाई, सर्दी वाटतं! पेशंटांजवळ नको जाऊस. आण ती दोरी, मी धरते."

हर्शेलनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

त्याला टाकून घरी जाता येईना. डार्सी पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिली. तेवढ्यात वडिलांचा फोन आला. टोलेडोत त्यांचं टायरचं दुकान आहे.

"काय डॉक्टरीणबाई! काय म्हणाली तुमची समिती?"

सांगून टाकू, असं डार्सीनं ठरवलं. सुरुवात बऱ्या बातमीनं करावी, म्हणून ती म्हणाली, "बाबा, वीस वर्षांत असं पत्र आलं नाही म्हणे. बाई रडल्या."

"ऐकलंत का रे!" वडील दुकानभर ओरडले. पलीकडे हवेचा पंप बंद झाला. पोरांनी, गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी शिट्टी मारली.

टाळ्या थांबल्या की सांगू, म्हणून डार्सी थांबली. टाळ्या थांबल्या.

"थँक यू," ती म्हणाली.