तिसऱ्या दिवसाचा निरोप

लेकीने पंप दाबला, सोडला, पुन्हा दाबला. माई समोरच्या स्टुलावर बसून बाटलीतल्या दुधाची पातळी न्याहाळत होती. आयुष्यभर शिवणकाम केलेली बाई ती. खडूची रेघ केसभर सरकली तरी तिला कळायचं.

"आई, अशी टक लावून बसू नकोस. मग येत नाही."

"मी कुठे तुझ्याकडे बघतेय? मी बाटलीकडे बघतेय."

"बाटली माझ्याच हातात आहे."

माईने मान खिडकीकडे वळवली, डोळे तेवढे बाटलीवरच राहिले. पलीकडच्या खुर्चीत वन्सं बसल्या होत्या. वन्सं म्हणजे माईची नणंद, लेकीची आत्या. तीस वर्षं हॉस्पिटलात नर्स म्हणून काढलेली, लग्न न केलेली, पाठीचा कणा अजून सरळ. मांडीवर चार महिन्यांचं बाळ ठेवायला कुणी तरी देईल म्हणून त्या हात रिकामे ठेवून बसल्या होत्या. बाळ माईने खांद्यावर टाकलं होतं. तिथून ते खाली उतरणार नव्हतं.

लेकीच्या पित्ताशयात खडे झाले होते. आज ते दुर्बिणीतून काढायचे होते. बाळ फक्त अंगावर पीत होतं. बाटलीचं बोंडलं तोंडाला लावलं की ते असं तोंड करी, जणू कुणी एरंडेल पाजतंय. म्हणून लेकीने दोन बाटल्या दूध काढून ठेवायचं ठरवलं होतं, वाटीने पाजायला. "डब्याचं एक चमचाही द्यायचं नाही," असं तिने आईला निक्षून सांगितलं होतं. माईला ते सांगायची गरज नव्हती. चौतीस वर्षं ती याच दिवसाची वाट पाहत होती.

लेक तेव्हा अडीच महिन्यांची होती आणि माईचं अपेंडिक्स फुटायला आलं होतं. शस्त्रक्रिया झाली ती वन्सं ज्या हॉस्पिटलात नोकरीला होत्या तिथेच. जाग आल्यावर माईने पहिलं काय मागितलं, तर बाळ. वन्सं पलंगापाशी उभ्या होत्या, पांढऱ्या कपड्यांत, घडी न मोडलेल्या.

"भुलीचं औषध दुधात उतरतं. आठ दिवस पाजायचं नाही. नियम आहे."

मग त्यांनीच जुन्या चादरीची पट्टी फाडून माईच्या छातीभोवती करकचून बांधली. छातीचा दगड झाला. ताप चढला. दूध पट्टीतून झिरपून पलंगावर सांडायचं आणि माई भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. तिकडे घरी बाळ वन्संपाशी. त्यांनी मुद्दाम रजा काढली होती. सगळं घर त्यांचे गोडवे गात होतं. आठ दिवसांनी माई घरी आली, लेकीला छातीशी धरलं, तर लेकीने एकदा हुंगलं, मान फिरवली आणि बाटलीसाठी आकांत मांडला. आठवड्याभरात दूध आटलं.

त्या दिवसापासून माईने डूख धरला. लेकीला सर्दी झाली, वन्संमुळे. दात उशिरा आले, वन्संमुळे. शाळेत गणितात नापास झाली तेव्हाही माईने मनातल्या मनात एक टाका त्याच शिवणीवर घातला. तोंडाने मात्र कधी अवाक्षर काढलं नाही. वन्संना तिने आपणहून फोन केला तो दोनदाच. एकदा नवरा गेला तेव्हा आणि दुसऱ्यांदा गेल्या आठवड्यात. "या की. तुमच्यासारखं जाणतं माणूस जवळ असलेलं बरं." वन्सं पहिल्या गाडीने आल्या.

भूलतज्ज्ञ आली. कोवळी मुलगी, कानात बारीक डूल, हातात फाइल. तिने लेकीचं नाव विचारलं, शेवटचं कधी खाल्लं ते विचारलं, आणि जायला निघाली.

"डॉक्टर," माई म्हणाली, "ते दुधाचं पुन्हा एकदा सांगता का?"

"काल सांगितलं ना आजी. पूर्ण जाग आली, बाळाला धरता यायला लागलं, की लगेच पाजायचं. काढून टाकायची गरज नाही."

"जरा मोठ्याने सांगा हो. ह्यांना कमी ऐकू येतं."

"मला नीट ऐकू येतं," वन्सं म्हणाल्या.

"तरीपण."

भूलतज्ज्ञ बिचारीने वन्संकडे वळून प्रत्येक शब्द सुटा करून पुन्हा सांगितलं. माई वन्संचा चेहरा बघत होती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. बस्स. माईला वाटलं होतं, काहीतरी तडकेल. निदान मान खाली जाईल.

"तेव्हा तुम्हाला नव्हतं का हो कुणी असं सांगितलं?" डॉक्टर गेल्यावर तिने विचारलं. आवाज मधाळ, आत सुई.

वन्संनी मांडीवरचा पदर सारखा केला.

"आई," लेक म्हणाली, "आज तरी नको." तिने बाटलीचं झाकण लावलं, पट्टी चिकटवून तिच्यावर वेळ लिहिली आणि ती पहिल्या बाटलीबरोबर वॉर्डच्या फ्रिजमध्ये ठेवायला सिस्टरकडे दिली. मग बाळाला घेतलं, पोटभर पाजलं. आठच्या सुमाराला तिला चाकाच्या खुर्चीतून नेलं. दाराशी ती वळून म्हणाली, "आत्या, आईकडे लक्ष ठेव."

तासाभराचं काम म्हणाले होते. पण मध्येच अपघाताची एक केस आली, आणि लेक शस्त्रक्रियागृहाच्या दाराआड नुसती वाट बघत पडून राहिली. जावई चिठ्ठ्या घेऊन औषधांच्या दुकानापर्यंत खालीवर करत होता. साडेदहाला बाळाने मूठ तोंडात घातली. पावणेअकराला मूठ काढून टाकली आणि सूर लावला.

माईने पहिली बाटली गरम पाण्यात धरली, दूध वाटीत ओतलं, बाळाला मांडीवर आडवं घेतलं आणि चमचा ओठाला लावला. बाळाने जिभेने चमचा बाहेर लोटला. दूध हनुवटीवरून गळ्यात, गळ्यातून झबल्यात.

"उभं धर जरा," वन्सं म्हणाल्या.

"मला जमतं."

"वाटीच लाव ओठाला. ओतू नकोस."

"मी एक मूल वाढवलंय, वन्सं." 'तुमचं काय' हे तिने उच्चारलं नाही, पण ते वन्संपर्यंत पोचलं.

बाळ लाल झालं, मग जांभळट. कमरेत कमान करून त्याने एक लाथ अशी झाडली की वाटी माईच्या हातातून सुटली आणि फरशीवर टणत्कार करत पार पलंगाखाली गेली. पांढरा ओघळ फरशीच्या सांध्यातून धावत सुटला. माई त्याच्याकडे बघत राहिली. सकाळचा अर्धा तास तो, लेकीचा.

आवाजाने सिस्टर आली. "आजी, किती रडतंय ते! डब्याचं देऊ का करून? दोन मिनिटांत होईल."

"नाही."

"अहो पण उपाशी..."

"अजून एक बाटली आहे."

"तीही सांडली तर?"

बाळ आता हुंदक्यांच्या मध्ये श्वास ओढत होतं आणि प्रत्येक श्वासाला त्याची टाळू वरखाली होत होती. डब्याचं दूध आज याच्या पोटात गेलं, तर वन्सं जिंकल्या. आणि ते जाऊ नये असं वाटत असेल, तर बाळ ज्या हातांत द्यायचं, ते हातही वन्संचेच. देवाने सूड उगवायची संधी दिली, तीसुद्धा अशी वाकडी.

"घ्या," ती म्हणाली.

वन्संनी आधी हात धुतले. कोपरापर्यंत, सावकाश, नर्स धुते तसे. तोवर सिस्टरने दुसरी बाटली कोमट करून दुसऱ्या वाटीत ओतून दिली आणि ती गेली. बाळाला मांडीवर जवळजवळ उभं बसवलं, मानेखाली तळवा धरला. छोटी स्टीलची वाटी खालच्या ओठावर नुसती टेकवली आणि इतकीच कलती केली, की दूध ओठापाशी येऊन थांबलं. ओतलं नाही. थांबल्या. बाळ रडता रडता थबकलं. जीभ बाहेर आली, दुधाला लागली, आत गेली. मग पुन्हा आली. मांजराच्या पिल्लासारखं ते लपलप करू लागलं.

माई जवळ येऊन वाटीतली पातळी बघू लागली.

"सांगितलं होतं," वन्सं म्हणाल्या. नजर वाटीवर.

"काय?"

"तू सकाळी विचारलंस ना. सांगितलं होतं. मोठ्या डॉक्टरांनी. तिसऱ्या दिवशी, राउंडला. मी तुझा डबा घेऊन आले होते, तू तापात झोपली होतीस." बाळाने घोट घेतला. वाटी केसभर आणखी कलली. "म्हणाले, आता काही हरकत नाही. आईला सांग, आणि बाळाला घेऊन ये, पाजू दे."

माई पलंगाच्या कडेवर बसली.

"मग?"

"मग काही नाही."

"नियम आहे म्हणाला होतात तुम्ही."

"पहिल्या दिवशी होता." वन्संनी बाळाच्या हनुवटीवरचा थेंब बोटाने टिपून त्याच्याच ओठाला लावला. "मी आठ दिवसांची रजा काढली होती. पाच उरले होते."

जिन्यावरून कुणाच्या तरी चपला वाजत गेल्या. माईने आयुष्यभर वन्संना अडाणी ठरवलं होतं. नियमांची गुलाम, दगड, पांढऱ्या कपड्यांतलं लाकूड. त्या चुकल्या होत्या, एवढंच आज त्यांच्या नाकावर टिच्चून सिद्ध करायचं होतं. आणि ही बाई सांगत होती की ती चुकलीच नव्हती.

"रात्री उठली की माझ्याच कुशीत शिरायची ती," वन्सं म्हणाल्या. "मला वाटलं, तुला काय, तुला पुढेही होतील." त्यांनी वाटी नीट धरली. "नाही झाली, ते मला तेव्हा कुठे ठाऊक होतं."

माईचा हात उठला. तो कुठे जाणार होता, वन्संच्या गालावर की वाटीवर, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पण बाळ पीत होतं. तिने हात परत मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने धरून ठेवला. वाटीतलं दूध उतरत गेलं. अर्धी वाटी. पाव. तळ. पुरेसं नव्हतंच ते, पण सांडलं नाही. वन्संनी बाळाला खांद्यावर घेऊन पाठ थोपटली. बाळाने ढेकर दिला आणि त्यांच्या मानेत तोंड खुपसलं.

"द्या," माई म्हणाली.

वन्संनी लगेच दिलं नाही. क्षणभरच. मग दिलं.

एक वाजता सिस्टर दारात आली. "झालं सगळं छान. पेशंटला पलीकडच्या खोलीत आणलंय, चांगली जाग आहे. बाळ मागतायत. या तुम्ही दोघी, फक्त गलका करू नका."

वन्सं उठल्या. त्यांनी केसांवरून हात फिरवला, पर्स काखेत घेतली.

"तुम्ही बसा," माई म्हणाली. "मी आधी बघून येते. बोलावते मग."

"तिला कुशीवर वळवताना पोटाशी उशी दे. टाक्यांवर बाळाचे पाय..."

"देते."

लेकीचे ओठ कोरडे पडले होते, पण डोळे उघडे होते. माईने तिला कुशीवर वळवलं, पोटाशी उशी लावली, बाळाला शेजारी सरकवलं. बाळाने एकदा हुंगलं. मग बाळाने तोंड उघडलं आणि चिकटलं, असं, जणू सकाळपासून काही घडलंच नाही. घोट घेतल्याचा आवाज येऊ लागला. लेकीच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी उशीवर उतरलं. ती हसत होती.

"रडलं का गं फार?"

"थोडं."

"वाटीने प्यालं?"

"प्यालं."

"तू पाजलंस?"

माईने पांघरूण लेकीच्या पायांवर सारखं केलं. "हं."

"आत्या कुठाय?"

दाराला गोल काच होती. त्यातून समोरचं बाकडं दिसत होतं. वन्सं मागोमाग येऊन त्यावर ताठ बसल्या होत्या, पर्स मांडीवर, तोंड दाराकडे. कुणी जवळून गेलं की अर्धवट उठत होत्या.

"गेल्या," माई म्हणाली. "गाडीची वेळ झाली होती त्यांच्या."

"मला न भेटता?"

"म्हणाल्या, झोपू दे पोरीला."

"माझ्यासाठी एवढ्या लांबून आली..." लेकीचे डोळे जड होत होते. "मला वाटलं होतं, राहील." बाळाच्या घोटांच्या तालावर तिचा श्वास संथ झाला.

सिस्टर सलाइन तपासायला आत आली. हळू आवाजात म्हणाली, "बाहेरच्या आजी तुमच्याच ना? कधीच्या बसल्यात. पाठवू आत?"

माई बाळाच्या हलणाऱ्या कानशिलाकडे बघत होती.

"मी सांगेन," ती म्हणाली, आणि दाराच्या बाजूचा पडदा ओढून घेतला.