तारेबाहेरचा शेमा

दुबईत दहा ज्यू पुरुष एका वेळी एका खोलीत आणून बसवायचे म्हणजे काय, ते मला विचारा. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले मराठी ज्यू. पूर्वी गावात तेल गाळायचो आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचो, म्हणून लोक आम्हांला शनवार तेली म्हणायचे. हे सगळं मी इथे प्रत्येक नव्या ओळखीच्या माणसाला सांगत आलेय, आणि तरी पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "पण तुम्ही मूळच्या इंडियनच ना?" हो बाबा, मूळच्याही आणि फांद्यांच्याही.

त्या रविवारी माझ्या आजोबांची पुण्यतिथी होती. माझे पप्पा पंच्याऐंशीचे. दरवर्षी या दिवशी ते मुंबईत सिनेगॉगमध्ये जाऊन आपल्या वडिलांसाठी कद्दीश म्हणायचे. कद्दीश म्हणजे गेलेल्या माणसासाठी मुलाने म्हणायची प्रार्थना. ती एकट्याने म्हणता येत नाही, म्हणणाऱ्याला धरून दहा ज्यू पुरुष हजर लागतात. यंदा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पप्पा माझ्याकडे, दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये होते. डॉक्टरांनी गाडीचा लांबचा प्रवास बंद केलेला, त्यामुळे कुठल्या सिनेगॉगला नेण्याचा प्रश्नच नव्हता.

"दहा माणसं घरीच बोलाव मिल्का," पप्पा म्हणाले. "पुढच्या वर्षी मी असेन, नसेन."

हे वाक्य ते माझ्या लग्नापासून वापरतायत. पण या वेळी ते बोलताना माझ्याकडे बघत नव्हते, म्हणून मी फोन उचलला.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. खोर फक्कानच्या बंदरावर क्रेन चालवणारा सॉलोमन म्हणे, बोट लागली तर सुटी नाही. रास अल खैमाला टाइल्सच्या फॅक्टरीत असलेला अॅबी म्हणाला, "इन्शाल्ला येतो, मिल्काताई." आपल्या लोकांनाही आता इन्शाल्लाची सवय लागलीय, त्यामुळे होकार कुठला आणि नकार कुठला ते कळत नाही. शेजारची मंजुषा माझी धावपळ बघून म्हणाली, "अगं, माणसंच हवीत ना? आमचे विजयकुमार घेऊन जा. दिवसभर नुसते सोफ्यावर असतात." मी तिला समजावलं की माणसं ज्यू हवीत आणि पुरुष हवेत.

"म्हणजे तू नाही चालत?"

"नाही."

"फोन तूच करतेयस, स्वयंपाक तूच करतेयस, आणि तू नाही चालत?"

माझं डोकं आधीच तापलेलं होतं. प्रसादाच्या मलिद्यासाठी पोहे भिजवायचे होते, नारळ खवायचे होते.

माझे मिस्टर राल्फी, पप्पा आणि कोकणातली इकडची तिकडची माणसं गोळा करून नऊ झाले. माझं घोडं तिथेच पेंड खात राहिलं. दहावा पप्पांनी स्वतः शोधला. इथल्या ज्यू लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लंडनहून कामासाठी आलेल्या डॅनियल नावाच्या एका माणसाने विचारलं होतं की, माझे आजोबा युद्धाच्या वेळी हिंदुस्थानात नगरकडच्या छावणीत बंदी होते, त्याबद्दल कुणाला काही माहिती आहे का? पप्पांनी तो मेसेज चष्मा पुसून तीन वेळा वाचला.

"यालाच बोलव. याच्या आजोबांना आपल्या बाबांची गोष्ट माहीत असणार."

आमच्या घरात ती गोष्ट सगळ्यांना पाठ होती. माझे आजोबा, हवालदार शालोम झिराडकर, १९४० साली त्या छावणीवर पहाऱ्याला होते. हिटलरला भिऊन व्हिएन्नाहून, बर्लिनहून पळून आलेले ज्यू मुंबईत जरा कुठे टेकतायत तोवर युद्ध सुरू झालं. त्यांचे पासपोर्ट जर्मन, म्हणून इंग्रजांनी त्यांनाही शत्रू ठरवून हिटलरच्या भक्तांबरोबर एकाच तारेच्या कुंपणात डांबलं. सरकारी शहाणपण म्हणतात ते हे. तर त्या बंद्यांमधल्या एकाला वडील वारल्याची बातमी आली. कद्दीश म्हणायची होती आणि ज्यू भरले नऊ. तेव्हा तारेबाहेर रायफल घेऊन उभे असलेले आजोबा पुढे झाले, शेमा म्हणाले आणि दहावे झाले. शेमा इस्राएल ही आमची मुख्य प्रार्थना. कोकणच्या किनाऱ्यावर आमचे पूर्वज गलबत फुटून लागले तेव्हा बाकी सगळं विसरले, पण ही एक ओळ राहिली असं म्हणतात. पप्पा ही गोष्ट सांगताना दर वेळी शेवटी म्हणायचे, "सगळ्या छावणीत माझा बाप दहावा होता."

डॅनियल साडेचारला आला. पन्नाशीचा, लाजाळू, हातात खजुराचा डबा. सॉलोमनची बोट लागली नव्हती आणि अॅबीचा इन्शाल्ला खरा ठरला होता, म्हणजे खोलीत दहा भरले. माझा जीव भांड्यात पडला. सूर्य मावळला की आमची तारीख बदलते, त्यामुळे मी राल्फीला खूण केली की यल्ला, सुरू करा. पण पप्पांनी डॅनियलला शेजारी बसवून घेतलं.

"आधी तू सांग," ते इंग्रजीत म्हणाले. "तुझे आजोबा छावणीबद्दल काय सांगायचे?"

"फारसं नाही," डॅनियल म्हणाला. "पाणी खारट होतं, नाझी लोक रात्री गाणी म्हणायचे. सुटल्यावर आजोबा तुमच्याच आर्मीत मेडिकलमध्ये भरती झाले, त्याचा त्यांना अभिमान होता. पण एक गोष्ट मात्र दरवर्षी वल्हांडणाच्या सणाला जेवताना सांगायचे. त्यांचे वडील व्हिएन्नात गेल्याचं कळलं, तेव्हा कद्दीशला एक माणूस कमी पडला. आणि तेवढ्यात बाहेरचा एक नेटिव्ह शिपाई तारेजवळ आला आणि शेमा इस्राएलची टिंगल करायला लागला. रायफल खांद्यावर, आणि कुठल्या तरी बाजारी चालीत मोठमोठ्याने गातोय. सगळे पाठ फिरवून निघून गेले. आजोबा म्हणायचे, नाझींनी मारलं त्यापेक्षा ते जास्त लागलं."

खोलीतले आमचे बाकीचे आठही जण पप्पांकडे बघायला लागले. डॅनियलला कळेना की काय झालं. तो हसून पुढे म्हणाला, "नंतर नंतर आमच्याकडे त्याचा विनोद झाला. आजोबा नक्कल करायचे, आम्ही मुलं हसून लोळायचो."

मला त्या माणसाला उचलून बाल्कनीतून खाली टाकावंसं वाटलं. त्याची काही चूक नव्हती हे कळत होतं, आणि म्हणूनच जास्त चीड येत होती. हात दाखवून अवलक्षण! मेसेज पप्पांनीच वाचला, पत्ता पप्पांनीच दिला. आणि आता पंच्याऐंशीव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधून, स्वतःच्या बापाची टिंगल ऐकत ते बसले होते. आजोबा घरी येऊन खोटं बोलले होते का? की ते लोक पाठ फिरवून गेले हे त्यांना खरंच कळलं नव्हतं, आणि आपण दहावे झालो असंच ते जन्मभर समजत राहिले? यातलं कुठलं कमी वाईट, ते मला आजही ठरवता येत नाही.

"तो शिपाई माझे वडील," पप्पा म्हणाले.

डॅनियलचा चेहरा पांढरा पडला. "पण तो तर... तो इंडियन होता."

"आणि मी कोण आहे?" पप्पा कडाडले. "हे सगळे कोण आहेत? तुला इथे कशाला बोलावलंय, खजूर खायला?"

"पप्पा, बीपी," मी म्हटलं.

"खलास! तू मध्ये पडू नकोस." ते मराठीत माझ्यावर घसरले. "दहा माणसं गोळा केलीस ना, आता पाठव सगळ्यांना घरी. कुणाची कद्दीश म्हणू मी? टिंगल करणाऱ्याची?"

मी अक्षरशः दात ओठ खाल्ले. आठवडाभर फोन करून घसा बसला होता. बाहेर समोरच्या गोदामाच्या पत्र्यावरचं ऊन पिवळं व्हायला लागलं होतं. लोक घड्याळाकडे आणि माझ्याकडे बघत होते, जणू मीच काही तरी करायचं होतं, जिला मोजतच नाहीत तिने. राल्फी पप्पांच्या जवळ गेला, त्यालाही त्यांनी हाताने बाजूला केलं.

"नक्कल करून दाखव," ते डॅनियलला म्हणाले.

"सर, प्लीज. मला खूप लाज वाटतेय."

"वाटू दे. हसायचात ना? कसं म्हणायचा माझा बाप ते दाखव."

डॅनियलने माझ्याकडे मदतीसाठी पाहिलं. मी मान फिरवली. मग त्याने खाली बघत, अगदी हळू आवाजात सुरुवात केली. शेमा इस्राएल. पहिल्या शब्दाला नाकातून वर चढायचं, दुसऱ्यावर घाटातून उतरल्यासारखं हेलकावत यायचं आणि शेवटच्या 'एहाद' या शब्दाला गावाकडच्या माणसासारखा लांब हेल काढायचा.

आमच्यातला एक म्हातारा पटकन उभा राहिला. "अरे, ही तर आपल्या रेवदंड्याकडची चाल!" तो म्हणाला. "आता कोण म्हणतो अशी?"

कुणीच म्हणत नाही. मुंबईत आमच्या सिनेगॉगमध्येही आता रेकॉर्डवरून शिकलेल्या परदेशी चाली आहेत. मी ही चाल जन्मात ऐकली नव्हती. पप्पांनी ऐकली होती. त्यांचे ओठ डॅनियलबरोबर हलत होते. आजोबा गेले तेव्हा त्यांचा आवाज टिपून ठेवायचं कुणाच्या मनात आलं नाही, एक लग्नातला फोटो तेवढा आहे. आणि हा साहेब, लंडनमध्ये, जेवणाच्या टेबलावर, हसण्यासाठी म्हणून का होईना, तो आवाज घेऊन बसला होता. मला त्याचा हेवा वाटला आणि त्या हेव्याचाही राग आला.

"शेवटचं तू लवकर तोडतोस," पप्पा म्हणाले. "बाबा लांबवायचे. पुन्हा म्हण."

डॅनियलने पुन्हा म्हटलं. या वेळी त्याने नाकातला आवाज काढला नाही, तर पप्पा चिडले. "तसंच म्हण, जसं ऐकलंयस तसं." तिसऱ्या वेळी त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तो मध्येच थांबला.

"टिंगल करणारा अख्खी ओळ शेवटपर्यंत कशाला म्हणेल?" तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "आजोबांना हे कसं सुचलं नाही? त्याला धरून ते दहा होते. कद्दीश होऊ शकत होती. आजोबा मरेपर्यंत म्हणत राहिले की वडिलांची कद्दीश राहिली, आणि ते दहा होते."

पप्पांचा राग उतरला होता असं मी म्हणणार नाही. तो त्यांच्या कपाळावर तसाच होता. पण त्यांनी राल्फीचा हात मागितला आणि खुर्चीतून उठले.

"तुझ्या पणजोबांचं नाव काय?"

"लिओपोल्ड. हिब्रू नाव मला माहीत नाही. आईला विचारतो." त्याने घाईने व्हॉट्सअॅपवरून फोन लावला. तो इथे लागत नाही हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"राहू दे," पप्पा म्हणाले. "ऊन चाललंय. देवाला लिओपोल्ड कळेल."

सगळे उभे राहिले. डॅनियलला कद्दीश नीट येत नव्हती. पप्पा एकेक शब्द पुढे सांगायचे आणि तो मागून म्हणायचा. पप्पा शालोम झिराडकरांसाठी म्हणत होते, तो लिओपोल्डसाठी. आणि दर ओळीच्या शेवटी, कुणी सांगितलं नसताना, तो माझ्या आजोबांसारखाच लांब हेल काढत होता.