दोन ते चार

डॉक्टरीणबाईंनी केसपेपर जवळ ओढला आणि 'विश्रांती' या शब्दावर पेनानं आडवी रेघ मारली.

"झालं, कमलबाई. जखम छान भरलीय. आता सगळी कामं करा. भाकरी थापा, पाणी भरा, काही बंधन नाही."

कमलबाईंनी साडीच्या निऱ्या सारख्या केल्या, पिशवी उचलली, पण स्टुलावरून उठल्या नाहीत.

"बाई, आणखी सहा आठवडे लिहून देता का?"

"का? दुखतंय कुठं?"

"नाही."

"चक्कर येते?"

"नाही."

"मग कशासाठी लिहू?"

कमलबाई स्टुलावरून उठल्या. डॉक्टरीणबाई हसल्या आणि त्यांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

बाहेर त्यांचे यजमान प्रेमराज मोटारसायकलवर बसूनच होते. गाडी सुरू करता करता त्यांनी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"मोकळं केलं."

"चला. आता घर रुळावर येईल."

कमलबाई मागे बसल्या. धुळ्यातलं वैशाखाचं ऊन तोंडावर फुफाट्यासारखं येत होतं. त्यांनी पदर नाकावर ओढला.

त्यांचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं तेव्हा लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. त्या एकतीस वर्षांत त्या दिवसाउजेडी आडव्या झाल्या, त्या दोनच वेळा. एकदा मुलाच्या, कुंदनच्या, वेळच्या बाळंतपणात आणि एकदा टायफॉइडमध्ये. त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी सहा आठवडे सांगितल्यावर पहिले दहा दिवस त्यांना पलंग टोचत राहिला. सून शीतल ताट घेऊन आली की त्या चोरासारख्या उठून बसायच्या. स्वयंपाकघरात भांडं पडलं की इकडे उठायला त्यांचा हात गुडघ्यावर जायचा.

मग कधीतरी ते थांबलं. नेमकं कधी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मागच्या खोलीत भिंतीच्या वरच्या अंगाला एक झरोका होता. अडीचच्या सुमारास त्यातून उन्हाची एक पट्टी आत यायची आणि फरशीवरून हळूहळू पुढे सरकायची. ती पलंगाच्या पायापर्यंत पोचली की चार वाजलेले असत. पलीकडच्या गल्लीतून भंगारवाला जायचा आणि तिसऱ्या हाकेला त्याचा आवाज फाटायचा. शेजारच्यांच्या कूलरखाली साठलेल्या पाण्यावर साळुंक्या भांडायच्या. या घरात येऊन एकोणीस वर्षं झाली होती, स्वतः उभं राहून त्यांनी त्याच्या भिंतींवर पाणी मारलं होतं, आणि या खोलीतली दुपार मात्र त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. ते लक्षात आल्यावर त्यांना आधी हसू आलं आणि मग बराच वेळ राग येत राहिला. तो कुणाचा यावा, ते ठरेना.

दवाखान्यातून आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या पाचला उठल्या. सडा, देवपूजा, पोळ्या, वांग्याची भाजी, धुणं, सगळं त्यांनी केलं. शीतलला फक्त चिरायला आणि वाढायला ठेवलं. प्रेमराज जेवून दुकानात गेले. चौकात त्यांचं पंपांच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करण्याचं, रिवायंडिंगचं दुकान होतं, चालत पाच मिनिटांवर. दोन वाजले तशा कमलबाई हात पुसत मागच्या खोलीत गेल्या आणि पलंगावर आडव्या झाल्या.

तीनला प्रेमराज चहाला आले. रोजच यायचे.

"कुंदनच्या आई, चहा."

"चारला करते," आतून आवाज आला.

प्रेमराज दारात आले. "बरं नाही का?"

"बरी आहे."

"मग अशा काय पडल्या?"

"बरी आहे म्हणूनच पडले. दोन ते चार मी उठायची नाही."

"आजच?"

"रोज."

प्रेमराजना वाटलं, थट्टा आहे. ते हसले. पण कमलबाई हसल्या नाहीत, छताकडे बघत राहिल्या. एवढ्यात शीतल लगबगीनं स्वयंपाकघरात गेली आणि लायटरचा आवाज आला. प्रेमराजनी चहा घेतला, कप जरा जोरात ठेवला आणि ते गेले.

आठवडाभर असंच चाललं. प्रेमराज तीनला येत, आतल्या खोलीकडे तोंड करून खाकरत, शीतल चहा देई. एकदा गल्लीतल्या सुनंदाबाई कुरडयांचा चीक घोटायला बोलवायला आल्या. त्यांनाही कमलबाईंनी पडल्या पडल्या सांगितलं, "सकाळी बोलवा, येईन. दुपारची मी कुणाची नाही." संध्याकाळपर्यंत ते वाक्य गल्लीच्या दोन्ही टोकांना पोचलं होतं.

रविवारी कुंदन घरी होता. विमा कंपनीच्या ऑफिसातली नोकरी, त्यामुळे समजावण्याची सवय होती.

"आई, बाबांचं आता वय होत चाललंय. एका कप चहाचा तर प्रश्न आहे."

"मग तू कर."

"मी ऑफिसात असतो त्या वेळी."

"आज रविवार आहे."

कुंदन मोबाइल चाळत उठून गेला. पण जाता जाता बापाच्या कानाशी काहीतरी बोलला, आणि मंगळवारच्या एसटीनं शिंदखेड्याहून ताईबाई अक्का आल्या.

अक्का म्हणजे प्रेमराजांची थोरली बहीण. प्रेमराज अजून त्यांच्यासमोर खुर्चीवर बसत नसत. अक्कांनी पाय धुतले, पाणी प्यायल्या, आणि घड्याळात दोन वाजले आणि कमलबाई मागे गेल्या, तशा त्यांच्या मागोमाग जाऊन पलंगाशी उभ्या राहिल्या.

"काय वो कमल, घरमा पापड नही, बिबडा नही, कुरडई नही, आनि तू भर दुपारले पसरी ऱ्हायनी?"

"बसा ना, अक्का. जागा शे."

"माले नही बसनं. दवाखानामा काय काय काढं वो तुनं? लाज बी काढी लिधी का?"

बाहेरच्या खोलीत प्रेमराज होते. दाराआड शीतल होती. कमलबाईंना दोघंही दिसत होते. एकतीस वर्षांत अक्कांना त्यांनी उलट उत्तर दिलं नव्हतं. त्या कोपरावर उठल्या, पण पाय खाली सोडले नाहीत.

"लाज शे ना, अक्का. सम्दी शे. फक्त दोन ते चार ती बी आराम करस."

अक्कांनी पदर झटकला. मग वळल्या आणि भावाला म्हणाल्या, "मन्हं काम नही हाई. माले एसटीवर सोडी दे." चहाही न घेता त्या निघाल्या.

त्या दिवशी ऊन पलंगाच्या पायाशी पोचलं तेव्हा कमलबाई उठल्या त्या जिंकल्यासारख्या. गुणगुणत स्वयंपाकघरात गेल्या. शीतल ओट्याशी उभी होती आणि चहाचं पातेलं घासत होती. स्वच्छ झालेलं पातेलं ती पुन्हा पुन्हा घासत होती.

"अगं, झालं की ते."

शीतलनं नळ बंद केला. फैजपूरच्या केळीवाल्यांची मुलगी, लग्नाला दोन वर्षं होत आली होती. सासूसमोर तिचा आवाज कधी चढला नव्हता. आत्ताही चढला नाही.

"आई, एक विचारू?"

"विचार."

"तुम्ही दोन ते चार पडून असता, तेव्हा तीनला चहा कोण करतं?"

कमलबाईंनी पातेल्याकडे पाहिलं.

"तुम्ही सगळ्यांना उत्तर दिलं. बाबांना, ह्यांना, अक्कांना. मलाही आतून बरं वाटलं. खरंच. पण तुमचं दोन ते चार माझ्या पायांवर उभं आहे. पाचला माझी शिकवणीची मुलं येतात. मी दुपारी टेकले कधी, ते मला आठवत नाही."

तिनं पातेलं पालथं घातलं आणि ती बाहेर गेली. कमलबाई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. मघाचं गुणगुणणं त्यांना आठवलं आणि कानशिलं तापली. नवऱ्याशी भांडण मांडलं होतं आणि त्याचा भार उचलत होती ही पोर, तेही न बोलता. त्यांच्या सासूनं त्यांच्याकडून जे करून घेतलं होतं, त्यापेक्षा हे वेगळं काय होतं? फक्त त्यांची सासू उभी राहून हुकूम सोडायची आणि या पलंगावर पडून.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता त्यांनी शीतलच्या हातातलं फडकं काढून घेतलं. तिला मनगटाला धरून मागच्या खोलीत नेलं आणि दाराला आतून कडी घातली.

"झोप."

"मला दुपारी झोप येत नाही, आई."

"मग लोळ."

"बाबा येतील."

"येतील."

दोघी पलंगावर शेजारी शेजारी आडव्या झाल्या. शीतल भिंतीकडच्या बाजूला, हात पोटावर घट्ट धरून, एखाद्या परक्या घरी मुक्कामाला आल्यासारखी. तीनला दार वाजलं. दोघींनी श्वास रोखला. दार पुन्हा वाजलं, मग थांबलं, मग बाहेरचं फाटक आपटलं. आधी शीतलचं पोट हललं आणि मग तिला हसू आवरेना. कमलबाईंनी तिच्या तोंडावर पदराचा बोळा धरला, पण त्यांनाही टाक्यांच्या जागी हिसके बसू लागले.

"अगं, पुरे. दुखतंय."

डोळे पुसता पुसता शीतलचं लक्ष कपाटामागे गेलं. "ते कॅरम कुणाचं?"

"कुंदनचं. शाळेत असतानाचं."

"मी होस्टेलला खेळायचे. जळगावला."

बोर्ड निघाला. सोंगट्या दोन कमी होत्या, त्यांच्या जागी शर्टाची बटणं आली. बोरिक पावडर नव्हती, म्हणून टाल्कम पावडर शिंपडली. होस्टेलला खेळायचे, एवढंच शीतलनं सांगितलं होतं. किती खेळायची, ते कमलबाईंना पहिल्या दहा मिनिटांत कळलं. एरवी वाटीत भाजी वाढतानाही विचारून वाढणारी ही मुलगी स्ट्रायकरला बोट लावलं की कुणाची राहत नव्हती. सासूची सोंगटी खड्ड्याच्या तोंडाशी आली की ती शांतपणे उडवून लांब पाठवायची.

"अगं, जरा तरी दया कर."

"खेळात नाही, आई."

कमलबाईंचं बोट दुखलं, नख निळं झालं, आणि त्या दिवशी ऊन पलंगापाशी कधी पोचलं ते त्यांना समजलंच नाही.

प्रेमराज त्यानंतर तीन दिवस दुपारी आले नाहीत. चहा टपरीवर घेत. रात्री जेवताना ताटाकडे बघून जेवत आणि मीठ हवं असलं तरी मागत नसत. कमलबाईंना ते बोचत होतं. बोचत नव्हतं असं नाही. पण दोन वाजले की त्या शीतलला हाक मारत, किंवा शीतल त्यांना.

चौथ्या दिवशी डाव रंगात होता. शीतलच्या दोन सोंगट्या उरल्या होत्या, कमलबाईंच्या तीन. आणि कमलबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा राणी घातली होती. आता पुढच्याच फटक्यात एक सोंगटी घालून राणीला कव्हर द्यायचं होतं, नाहीतर राणी परत बोर्डावर येणार होती. त्या श्वास रोखून नेम धरत होत्या, तेव्हा फाटक वाजलं.

उकाड्यामुळे त्यांनी आज दार उघडंच ठेवलं होतं. प्रेमराज दारात येऊन उभे राहिले. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, बोटांना वॉर्निशचे डाग. ओरडायला आले असते तर कमलबाई तयार होत्या. उत्तरं पाठ होती. पण ते ओरडले नाहीत. चौकटीला हात टेकून म्हणाले,

"कमल, डोकं दुखतंय गं आज."

नावानं त्यांनी हाक मारली, त्याला किती वर्षं झाली होती! कमलबाईंचा हात आपोआप गुडघ्यावर गेला. स्ट्रायकर खाली राहिला. त्या निम्म्या उठल्यासुद्धा.

"आई, बसा."

शीतल बोर्डावरून नजर न काढता बोलली होती. मग तिनं मान वर केली, डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि सासऱ्यांकडे बघून अगदी शांतपणे, आदरानं म्हणाली,

"बाबा, पातेलं ओट्यावरच आहे. पत्ती, साखर शेजारी. दूध फ्रीजमध्ये आहे. आईंचं कव्हर राहिलंय."

प्रेमराजनी सुनेकडे पाहिलं, मग बायकोकडे. कमलबाई अजून निम्म्या उठलेल्याच होत्या, ना उभ्या ना बसलेल्या. एका बाजूला दुखरं डोकं घेऊन उभा असलेला नवरा होता. दुसऱ्या बाजूला ही सव्वीस वर्षांची मुलगी होती. तिचा आवाज स्थिर होता, पण बोर्डाच्या कडेवर धरलेली तिची बोटं पांढरी पडली होती. ती बोटं कमलबाईंनी पाहिली आणि त्या खाली बसल्या.

प्रेमराज वळले. स्वयंपाकघरात लायटर टकटकला. एकदा, दोनदा, चार वेळा. मग गॅस पेटल्याचा आवाज आला. पातेलं ठेवलं गेलं. डब्याचं झाकण पडलं, गोल फिरत फिरत थांबलं. शीतल हसली नाही. कमलबाईही नाहीत.

"दूध किती घालायचं?" आतून प्रेमराजनी विचारलं.

कमलबाईंच्या ओठावर माप आलं होतं. पाऊण कप, त्यावर साय नको, उतू यायच्या आधी आच बारीक. एकतीस वर्षांचं माप. त्या थांबल्या. त्यांनी स्ट्रायकर रेषेवर ठेवला.

"तुम्हाला आवडतं तेवढं घाला."

आत फ्रीजचं दार उघडलं, आणि कमलबाईंनी नेम धरला.