गडव्यावर दोघींची नजर

मी एक जुना पितळी गडवा, म्हणजे तांब्या, आहे. अंगणात पाहुणा आला की त्याला पाय धुवायला पाणी द्यायचं, हे माझं काम. भंडाऱ्याच्या एका कारागिराने मला ठोकून ठोकून घडवलं आणि सुमित्राबाईंच्या लग्नात मी त्यांच्यासोबत या घरी आलो. भंडाऱ्याकडच्या गोरेगावजवळचं हे खेडं, आणि घर धानाची शेती करणारं. माझ्या गळ्याखाली सुमित्राबाईंच्या वडिलांचं नाव कोरलेलं आहे.

मित्रांनो, मी जन्मापासून संशयी नव्हतो. घरात स्टील आलं आणि मला संशय शिकावा लागला. माझ्याशेजारची परात एका दुपारी दारावर आलेल्या भांडेवाल्याने उचलली, बोटाने वाजवली, एक डोळा मिटून तिची कड पाहिली. ती पुन्हा दिसली नाही. मग घागर गेली. मी तेवढा वाचलो, कारण सुमित्राबाईंनी मला धानाच्या कोठीमागे सरकवून ठेवलं. तेव्हापासून कुणी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं की मी दचकतो.

म्हणून गेल्या दिवाळीनंतर घरच्या सुनेने, दुर्गेश्वरीने, मला बाहेर काढलं तेव्हा मी सावध झालो. तिचा नवरा योगराज धानाच्या चुरणीवर, म्हणजे मळणीला, गेला होता, सासू ओसरीत लवंडली होती. दुर्गेश्वरीने मला पुसून खिडकीत ठेवलं, समोर बसली आणि एक डोळा मिटला. मग हात लांब करून पेन्सिल उभी धरली आणि पेन्सिलीवर अंगठा सरकवत माझी मान मोजली, पोट मोजलं. मला वाटलं, झालं. हिने गिऱ्हाईक पाहिलेलं दिसतं.

रोज दुपारी हेच चालू झालं. मांडीवरच्या फळीवर ती काहीतरी खरडायची, पण फळी तिच्याकडे कललेली, मला काही दिसायचं नाही. सासूची चाहूल लागली की कागद शिलाई मशीनखाली जायचे आणि मी कोठीमागे. असं लपवून वागणाऱ्या माणसावर विश्वास कसा ठेवावा, तुम्हीच सांगा.

सुमित्राबाईही भोळ्या नव्हत्या. एका सकाळी त्यांना मी चकचकीत दिसलो.

"गडवा कोणं घासला?"

"मीच घासला, मामी." सासूला ती मामी म्हणायची.

"काऊन? पाहुणे येऊन राहिले का?"

दुर्गेश्वरी मला उचलून कोठीमागे ठेवून आली. त्या दिवसापासून सुमित्राबाई दिवसातून दोनदा कोठीमागे हात घालून मी आहे ना, ते पाहू लागल्या.

आणि एका बाजाराच्या दिवशी, ज्याची भीती होती तेच झालं. दुर्गेश्वरीने मला जुन्या ओढणीत गुंडाळलं, पिशवीत घातलं आणि गोरेगावची एसटी धरली. वाटेतल्या प्रत्येक गचक्याला मी परातीची आठवण काढत होतो.

पण पिशवी उघडली ती दुकानात नाही. ती एका घरामागची खोली होती. इंद्रकुमार सर नावाचे निवृत्त चित्रकला शिक्षक तिथे शिकवत. शाळेची सहा पोरं आणि त्यांच्यात ही एकटी मोठी बाई. बाजाराच्या निमित्ताने ती आधीपासून इथे येत होती, मला मात्र पहिल्यांदाच आणलं होतं. सरांनी मला टेबलावर ठेवलं आणि सगळ्यांना माझं चित्र काढायला सांगितलं.

तिथे मला दुर्गेश्वरीचे कागद पहिल्यांदा दिसले. आधी पट्टीशिवाय ओढलेल्या रेघा, पानंच्या पानं. मग दबलेल्या बटाट्यासारखे लंबगोल. आणि मग मी, एकामागून एक, पंचवीसेक वेळा. प्रत्येक पानावर सरांची लाल पेन्सिल फिरलेली होती. 'तोंडाचा लंबगोल फार उघडा.' 'डावी बाजू फुगली.' 'बूड सपाट का? तेही गोलच.' शेवटच्या पानावर एकच शब्द होता, 'जमतंय.'

ती ब्लाउज शिवायची, त्यावर नक्षी भरायची, पण दुसऱ्यांची नक्षी गिरवून. तिला स्वतःची काढायची होती. सर म्हणाले होते, फुलं नंतर, आधी महिनाभर एकच भांडं. घरी तिने एकदा विचारून पाहिलं होतं. "दोन लेकरांच्या मायले आता पेन्सिल कायले पाहिजे?" असं सुमित्राबाई म्हणाल्या होत्या आणि विषय संपला होता.

सासूच्या दोन तपासण्यांमधला वेळ साधून तिने मला दोन बाजार नेऊन आणलं. तिसऱ्या बाजाराला सुमित्राबाईंनी भर दुपारीच कोठीमागे हात घातला आणि हाताला काही लागलं नाही. त्यांनी पुढची एसटी धरली. गोरेगावात उतरून आधी भांड्यांची दुकानं पालथी घातली. शेवटी गावचीच चंदा भाजी विकत बसली होती, तिने सरांचं घर दाखवलं.

"माहा गडवा कोठं हाय?"

दारातून हा आवाज आला आणि सगळ्या पेन्सिली थांबल्या. सुमित्राबाईंनी मला उचललं, वडिलांच्या नावावरून बोट फिरवलं, बदलला तर नाही ना ते पाहिलं. मग सुनेकडे वळल्या. "कोणाले इकून राहिली होतीस?"

दुर्गेश्वरीने कागदांचा गठ्ठा पुढे केला. सुमित्राबाईंनी एकेक पान उलटलं.

"हे तूच काढलं कायवरून? छापाचं असन."

"बसा, बाई," सर म्हणाले. "तुमच्यासमोर काढेल ती."

दुर्गेश्वरीची पहिली रेघ भलतीकडेच गेली. सुमित्राबाई हनुवटीखाली मूठ धरून बसल्या. एकदा माझ्याकडे बघत, एकदा कागदाकडे, पुन्हा माझ्याकडे. पंधरा मिनिटांत माझं पोट, मान, तोंड कागदावर उतरलं.

"मान आखूड झाली," सुमित्राबाई म्हणाल्या.

सर उठून आले. हात लांब करून त्यांनी पेन्सिलीने मोजलं. मान आखूडच होती.

"महिनाभर हेच सांगून राहिलो मी," सर पोरांना म्हणाले. "ओळखीची वस्तू आहे म्हणून न बघता काढू नका. बघा, या बाईंना मोजावंसुद्धा लागलं नाही."

"चाळीस वर्षं पाणी भरलं त्यात," सुमित्राबाई म्हणाल्या. "मले काय मोजा लागते?"

परतीच्या एसटीत दोघी एकाच बाकावर बसल्या, मी सुमित्राबाईंच्या मांडीवर. तिकिटं काढून झाल्यावर सुमित्राबाईंनी विचारलं.

"चोरून काऊन केलं?"

"पुन्हा विचारलं तरी तुम्ही नाहीच म्हटलं असतं."

"म्हटलंच असतं." दोन थांबे गेले. "पण तुले चोर समजली, ते माहं चुकलं."

दुर्गेश्वरीने खिडकीकडे तोंड फिरवलं. पदराने डोळे पुसलेले मला दिसले.

आता दर बाजाराला आम्ही तिघं जातो. सुमित्राबाई गावात सांगतात, गडवा राखायला जाते, सुनेचा काही भरवसा नाही. वर्गात त्या मागच्या स्टुलावर बसतात. सरांना दाखवण्याआधी पोरं आपला कागद त्यांना दाखवून घेतात, आणि त्या एकालाही सहज सोडत नाहीत. दुर्गेश्वरीने मागच्या महिन्यात स्वतः काढलेली पहिली वेल ब्लाउजवर भरली. तो ब्लाउज सुमित्राबाईंचा होता.

कुणी एक डोळा मिटला की मी अजूनही दचकतो. ती सवय जाणार नाही. पण मित्रांनो, एक मागणं आहे. जुनं भांडं असो की घरातलं माणूस, त्याच्याबद्दल मनात काही ठरवण्याआधी थोडा वेळ समोर बसून त्याला नीट बघा. आणि बघायला बसाल तेव्हा आम्हाला खिडकीजवळ ठेवा. उजेडात आमची भीती थोडी कमी होते.