पुड्याचा आवाज

माझं काम चुका काढायचं. शर्टाच्या कारखान्यात शेवटच्या टेबलावर मी बसते आणि शिवून आलेला प्रत्येक शर्ट माझ्या हाताखालून जातो. सुटलेला टाका, वाकडी कॉलर, विरलेलं काज, जिथे चूक दिसेल तिथे लाल टिकली चिकटवायची. तीन टिकल्या झाल्या की लेबल कापायचं आणि शर्ट खालच्या टोपलीत टाकायचा. मग त्याला कुणी विचारत नाही. बारा वर्षांत माझ्या नजरेतून एक धागा सुटलेला नाही. हे मिरवायला सांगत नाहीये. माझ्याच पोरीच्या बाबतीत मी काय करून बसले ते नीट कळावं म्हणून सांगतेय.

पोरीला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती स्वतःभोवती गरागरा फिरते आणि फिरणारं काहीही दिसलं की तिथेच खिळते. पंखा, सायकलचं चाक, डब्याचं झाकण. चार वर्षांची व्हायला आली तरी शब्द मोजून अकरा. हाक मारली तर भिंतीला मारल्यासारखी. सासूबाई म्हणायच्या, "तिचा बापही असाच मुका होता गं. आता बघ, टीव्हीतल्या माणसांशीसुद्धा भांडतो!" आम्ही हसायचो. हसलं की तेवढा दिवस निघून जायचा.

मग बालवाडीच्या बाईंनी मला बाजूला घेतलं. "रागावू नका, पण हिला एकदा दाखवून घ्या. शेजारी इमारतीचं काम चाललंय, दिवसभर सिमेंटच्या गाड्या येतात. त्यांचं ते फिरणारं पिंप बघायला ही फाटकाकडे पळते. कितीही हाका मारा, थांबत नाही. म्हणून मी हिच्यासाठी एक मावशी ठेवलीय, ती हात धरूनच बसते."

मी रागावलेच. तुमचं लक्ष नको का, असं फाडकन बोलले. पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, आणि दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून मुलांच्या तपासणी केंद्रात नाव लिहून आले. खिडकीवरचा कारकून म्हणाला, "सात महिन्यांनी नंबर लागेल. उपचारांच्या गटात पाच वर्षांच्या आतलीच मुलं घेतात, पण तुम्ही वेळेत आलात. पाच उलटली की दुसरी रांग, आणि ती सरकत नाही हो."

वेळेत आलात. हे दोन शब्द मी घरी येईपर्यंत तोंडात घोळवले.

पण सात महिने फार मोठे. त्या सात महिन्यांत माझ्या डोक्यात भलतंच शिजायला लागलं. तपासणीचा कागद शाळेत जाणार. त्यावर टिकल्या असणार. एक, दोन, तीन. मग पोरीचं लेबल कापणार आणि टोपली. शाळा म्हणणार, घेऊन जा घरी. कारखान्यात काजं करणारीचा भाचा त्याच केंद्रात जाऊन आला होता. तिला मी खोदून खोदून विचारलं. ती म्हणाली, "ठोकळे रचायला लावतात, चित्रं दाखवतात. आणि मागून हळूच नाव घेऊन बघतात, वळतो का ते."

म्हणजे परीक्षाच की! परीक्षा म्हटली की आमच्या घरात तयारी. मी तसेच ठोकळे आणले. रोज संध्याकाळी तासभर लाल, निळा, पिवळा. ठोकळे जमले. चित्रातलं मांजर जमलं. मागून हाक मात्र काही केल्या जमेना. एकदा हाक मारली आणि त्याच वेळी हातातला बिस्किटांचा पुडा वाजला. भिंगरी गर्रकन वळली! मी तिला उचलून नाचले. नंतर नुसती हाक मारली. नाही. नुसता पुडा वाजवला. वळली. मला तेव्हाच कळलं होतं, खोटं कशाला बोलू? तरी मी रोज दोन्ही एकदम करत राहिले.

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. फार बोलत नाही, पण त्या दिवशी दारात उभा राहून म्हणाला, "अगं, ताप मोजायला जाताना कुणी अंगावर बर्फ चोळून जातं का?"

"तू तुझ्या लिफ्ट सांभाळ," मी म्हटलं.

तपासणीच्या आदल्या दिवशी बालवाडीच्या बाईंनी बंद पाकीट दिलं, केंद्रात द्यायला. मी ते वाफेवर उघडलं. बारीक अक्षरात दोन पानं भरून सगळं लिहिलेलं. कशी पळते, कशी कुणाकडे बघत नाही, मावशी का लागते. त्यात एक शब्द खोटा नव्हता. पाकीट मी कपाटातल्या टॉवेलांखाली ठेवलं.

केंद्रातली खोली छोटी, खिडकीला जाड काच, खाली मऊ गालिचा. तपासणाऱ्या मॅडम तरुण होत्या, आवाज गोड. शाळेचा कागद मागितला तेव्हा मी म्हटलं, शाळेने काही दिलं नाही. मला भरायला दिलेल्या कागदावर मी भराभर खुणा केल्या. नाव घेतल्यावर थांबते का? नेहमी. भिंगरीने ठोकळे रचले, मांजर दाखवलं. मग मॅडम उठून तिच्या मागे गेल्या. मी मांडीवरच्या पर्समध्ये हात घातला. मॅडमनी नाव घेतलं आणि मी बोटं आवळली.

भिंगरी वळली. मॅडम हसल्या आणि त्यांनी कागदावर खूण केली.

"बोलणं थोडं मागे आहे, पण बाकी काळजीचं दिसत नाही," त्या म्हणाल्या. "गटाची गरज नाही. ही जागा आपण दुसऱ्या मुलाला देऊ या."

बाहेरच्या बाकावर एक बाई मुलाला घट्ट धरून बसली होती. पुढचा नंबर तिचा. मी तिच्याकडे न बघता जिना उतरले.

घरी सासूबाईंनी तोंड गोड केलं. नवऱ्याने कागद दोनदा वाचला आणि घडी घालून ठेवला. बालवाडीच्या बाई मात्र तो कागद वाचून गोंधळल्या; नाव घेतल्यावर नेहमी थांबते, असं त्यात होतं. "मी तर सगळं लिहिलं होतं. पण डॉक्टर लोकांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. बरं झालं बाई, माझाच गैरसमज." आणि त्यांनी मावशीला दुसऱ्या वर्गात पाठवलं. त्याच क्षणी सांगायला हवं होतं. उद्या सांगू, म्हटलं.

असे नऊ उद्या गेले. चौथ्या दिवशी भिंगरी फाटकाजवळ सापडली. सहाव्या दिवशी फाटकाच्या बाहेर. "आता हाक मारायची सवय लावतेय मी तिला," बाई म्हणाल्या. "कागदावर लिहिलंय ना, थांबते म्हणून." ती खूण माझीच होती. पण मी मान डोलावली.

दहाव्या दिवशी मी तिला आणायला गेले. रस्त्याच्या अलीकडे उभी होते. पलीकडे शाळेचं फाटक, आणि बाजूला सिमेंटची गाडी मागे मागे येत होती, पिंप गरगर फिरत. भिंगरी फाटकातून बाहेर आली. पळत नव्हती, चालत होती, मान वर करून, अगदी आनंदात. बाई पायरीवर होत्या. त्यांनी हाक मारली आणि थांबल्या. धावल्या नाहीत. का धावतील? कागदावर लिहिलं होतं.

मी किंचाळले. तिचं नाव, परत तिचं नाव. आणि माझा हात, देवा, माझा हात पर्समध्ये गेला. मी तो पुडा जीव खाऊन आवळला. गाडीच्या घरघरीत तो मलाही ऐकू आला नाही.

मी रस्त्यात घुसले. कुणीतरी गाडीचा पत्रा बडवला, ब्रेक किंचाळले. भिंगरी मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर उभी होती, हात वर करून, फिरणाऱ्या पिंपाकडे बघत. मी तिला छातीशी धरलं तरी तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

बाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. "मी हाक मारली होती हो," एवढंच त्या म्हणत राहिल्या. "मी मारली होती."

"ती थांबत नाही," मी म्हटलं. "कधीच थांबली नाही. मी पुडा वाजवला होता."

त्या रडल्या, की माझ्यावर ओरडल्या, काहीच आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले नाही. टॉवेलांखालचं पाकीट काढलं आणि केंद्रात फोन लावला. सगळं सांगितलं, पुड्यासकट. कारकुनाने वही चाळल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, "जागा गेली हो. आता परत शेवटून. आठ महिने धरा. तेव्हा हिचं वय?"

"पाच वर्षं दोन महिने."

"मग दुसरी रांग," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "नाव तर लिहून घेतो. चार प्रश्न आहेत. नाव घेतल्यावर वळते का?"

भिंगरी खोलीच्या मधोमध बसून डब्याचं झाकण फिरवत होती. पुडा टेबलावर माझ्या हाताशीच होता. मी तो तसाच राहू दिला आणि तिला हाक मारली, एकदाच, जमेल तितक्या प्रेमाने.

झाकण फिरत राहिलं.

"नाही," मी फोनमध्ये म्हटलं. "लिहा. वळत नाही."