माझ्या बॉनेटवरचा मेजर

मित्रांनो, मी एक जुनी लष्करी जीप आहे. युद्धासाठी परदेशात माझी बांधणी झाली. ब्रह्मदेशाच्या चिखलात मी जखमी जवान वाहिले, तेव्हा ते माझ्या बॉनेटवर थोपटून मला शाबासकी देत. पुढे माझ्या नशिबी मेजर देवकुळे आले.

१९५५ च्या वैशाखात ते सैन्यभरतीसाठी चांदा जिल्ह्यात फिरत होते. भरतीचं वय, उंची आणि पगार एवढंच सांगावं, सरकारच्या धोरणावर अक्षरही बोलू नये, असा लेखी हुकूम माझ्याच कप्प्यात होता. पण गडचिरोलीकडच्या एका तलावाकाठी बाजार भरला होता. गर्दी पाहताच मेजरसाहेब बुटांसकट माझ्या बॉनेटवर चढले.

"या तलावावर छावणी होणार! दिल्लीला कळत नाही, मी कळवणार!"

ड्रायव्हर नाईक घनश्याम हळूच म्हणाला, "साहेब, कागदात हे नाही."

"टाळ्या कागदाला मिळतात का रे?"

तलावात मासे धरणारी सुगंधाबाई ढिवरीण मासोळीची टोपली घेऊन पुढे आली. "साहेब, तलाव गेला तं आमी खाऊ काय?"

"देशापुढे तुमचं डबकं काय मोठं!"

टाळ्या पडल्या. त्या पोकळ माणसाला पेलण्यापेक्षा खड्ड्यात उलटणं मला बरं वाटलं असतं.

वर्दीतला माणूस बोलला, म्हणजे सरकारच बोललं, असं गावाने धरलं. जाणाऱ्या तलावात मासोळीचं बी, म्हणजे इवली पिल्लं, कोण सोडणार? त्या पावसाळ्यात कुणीच सोडलं नाही.

भाषण नागपूरच्या वर्तमानपत्रात छापून आलं होतं. पौषात त्याच तलावाकाठी लष्कराची चौकशी झाली. आणि टाळ्यांचा तो धनी म्हणाला, "मी बोललोच नाही. या ड्रायव्हरने गावठी बोलीत लोकांना भलतंच सांगितलं." मेजरच्या तक्रारीवरून घनश्यामची नाईकपदाची फीत आधीच उतरवली होती. तो मान खाली घालून उभा राहिला.

सुगंधाबाई तडक पुढे आली. "या पोट्ट्यानं तं तोंडई नाई उघडलं. हा साहेबच गाडीवर चढून बोलून राह्यला होता. मीच त्याले इचारलं होतं."

घनश्यामला फीत परत मिळाली. मेजरला ताकीद मिळाली आणि बदली. चौकशीचे साहेब गावाला म्हणाले, "छावणीचा विचार कधी नव्हताच."

"मंग आता सांगून राह्यले?" सुगंधाबाई म्हणाली. "पावसाळा तं गेला."

त्या उन्हाळ्यात जाळी रिकामी आली. सुगंधाबाई सडकेवर गिट्टी फोडायला गेली.

नंतर माझा लिलाव झाला. आज मी एका बांबू ठेकेदाराच्या आवारात गंजत पडले आहे. मला तेलपाणी करा, असं मी म्हणणार नाही. मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी वर्दी घालेल. तेव्हा बोलण्याआधी एवढं पाहा, की समोर कुणी टोपली घेऊन उभं आहे. ती तुमचा शब्द खरा मानून घरी जाणार आहे.